नदीकाठ, जंगलवाट, समुद्रकिनारा : फिरायला जाताना रुग्णांनी काय काळजी घ्यावी?

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. “डॉक्टर, आम्ही कोकणात चाललोय. बाबांना मधुमेह आहे, मागच्या वर्षी अँजिओप्लास्टीही झाली. त्यांना सोबत चालायला न्यायचं, की खोलीवरच बसवायचं?”

प्रकृती स्थिर असेल तर बहुतेक वेळा उत्तर ‘जरूर न्या’ असेच असते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा. झाडांच्या सावलीत किंवा पाण्याकाठी चालताना ही मिनिटे कंटाळा न येता भरतात, मनही हलके होते. मात्र सोसायटीच्या आवारातले चालणे आणि निसर्गातले चालणे यांत फरक आहे. तिथे जमीन सपाट नसते, वाटेत घर नसते आणि काही आजार त्या वाटेवरच भेटतात. म्हणून वाट बदलली की काळजीही बदलायला हवी.

निघण्याआधी : परतीचा हिशोब

बहुतेक त्रास जाताना नाही, तर परतताना होतो. उत्साहात माणूस दूर जातो आणि दमल्यावर तेवढेच अंतर पुन्हा उरते. माथेरानचे उदाहरण घ्या. तिथे खासगी गाड्या दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे एखाद्या पॉइंटवर गेल्यावर थकवा आला तरी गाडी बोलावता येत नाही. रुग्ण रोज घरी जेवढे सहज चालतो, त्याच्या निम्म्या अंतरावर मागे वळा. वाटेत चढ असेल तर त्याहूनही आधी.

वेग ठरवायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता येत असेल, पण गाणे म्हणता येत नसेल, तर वेग योग्य आहे. बोलतानाही धाप लागत असेल तर थांबा.

पुढीलपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा : गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी, पूर्वीपेक्षा कमी श्रमात छातीत दुखणे, पायांवर नव्याने आलेली सूज, तळपायाला जखम, नियंत्रणात नसलेला रक्तदाब.

मधुमेह : साखर उतरण्याचा धोका

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर लांब चालण्याने एकदम उतरू शकते. रिकाम्या पोटी निघू नका. चालण्याआधी मांडीत इन्सुलिन घेणे टाळा, कारण चालत्या स्नायूंजवळचे इन्सुलिन लवकर शोषले जाते.

घाम, थरथर, चिडचिड, गोंधळल्यासारखे वागणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी लगेच बसवून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्या. 15 मिनिटांनी साखर तपासा आणि गरज असल्यास पुन्हा द्या. रुग्ण शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. साखरेची पुडी रुग्णाच्या स्वतःच्या खिशात असावी, मुलाच्या सॅकमध्ये नाही, कारण मुलगा बहुधा पुढे गेलेला असतो.

साखर काही तासांनी, रात्री झोपेतही उतरू शकते. खूप चालणे झाले असेल त्या दिवशी झोपण्यापूर्वी एकदा साखर तपासा.

नदीकाठी : निसरडे दगड आणि साचलेले पाणी

ओल्या, शेवाळलेल्या दगडांवरून घसरून मनगट किंवा खुबा मोडणे हा वयस्करांसाठी नदीकाठचा सर्वांत मोठा धोका आहे. पकड असलेले बूट आणि हातात काठी एवढ्याने तो बराच कमी होतो. गुडघेदुखी असेल तर चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. उतरताना पावले लहान टाका, काठी आधी टेका.

दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून हे जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच अशा पाण्यातून अनवाणी चालू नका. पायाला जखम असताना असे पाणी लागले असेल, तर प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा.

जंगलवाटेवर : गोचीड आणि साप

पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि पँट मोज्यात खोचा. पालापाचोळ्यावर किंवा गवतावर थेट बसू नका. सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, शेजारच्या गोव्यात सत्तरी तालुक्यातही हा आजार आहे. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि हिवाळा ते उन्हाळा या काळात जास्त दिसतो. जंगलात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.

परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा आणि काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे नीट पाहा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका, चटका देऊ नका, बोटांनी चिरडू नका.

कोकणातल्या सड्यांवर दगडाखाली फुरसे असते. दिसणार नाही तिथे हात घालू नका, अंधारात टॉर्चशिवाय चालू नका. साप चावलाच तर चिरा देणे, रक्त चोखणे, दोरी आवळून बांधणे यातले काहीही करू नका. अंगठी, पैंजण काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि रुग्णाला चालायला न लावता जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. भारतात मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून सोबत आणण्यात वेळ घालवू नका.

समुद्रकिनारी : वाळू, ऊन आणि भरती

मऊ, कोरड्या वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. म्हणजे हृदयरुग्णासाठी किनाऱ्यावरचा एक किलोमीटर हा रोजचा एक किलोमीटर नव्हे. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतच्या घट्ट वाळूवरून चाला.

चालताना छातीत दुखले किंवा दडपण आले तर तिथेच बसा आणि डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी घ्या. लैंगिक क्षमतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी नुकतीच घेतली असेल तर मात्र ही गोळी घेऊ नका. पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही तर 108 ला फोन करा. ‘गॅस झाला असेल’ म्हणत खोलीपर्यंत चालत जाऊ नका.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी चालणे कटाक्षाने टाळा. तापलेल्या वाळूचा चटका किंवा कालवांच्या धारदार कवचाने झालेली चीर अशा पायाला जाणवत नाही. रुग्णाला ती दिसते तेव्हा कधी कधी दोन दिवस उलटून जखम चिघळलेली असते. बोटे झाकणारी पादत्राणे वापरा. समुद्राच्या पाण्यात झालेली जखम लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. लालसरपणा किंवा सूज वाढू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. यकृताच्या रुग्णांनी तर यात अजिबात दिरंगाई करू नये.

दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर चक्कर लवकर येते. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर चाला. पाणी किती प्यावे, हे हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

खडकांवरून चालायचे असेल तर स्थानिक कोळ्यांना भरतीची वेळ विचारा. ती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही.

परत आल्यावर : ताप आला तर वाट सांगा

मधुमेह असेल तर त्याच संध्याकाळी उजेडात तळपाय आणि बोटांच्या बेचक्या तपासा. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा वापरा किंवा घरच्यांना पाहायला सांगा.

त्यानंतर महिन्याभरात ताप आला तर तो ‘व्हायरल’ समजून अंगावर काढू नका. पोटऱ्या खूप दुखणे, डोळे लाल होणे, कावीळ, लघवी कमी होणे ही लेप्टोची लक्षणे असू शकतात. ताप आणि अंगावर कुठेतरी न दुखणारी काळी खपली असेल तर तो स्क्रब टायफस असू शकतो. झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे होणारा हा आजार 2018 मध्ये नागपूर भागात अनेकांना झाला होता. ही खपली काखेत, जांघेत किंवा स्तनाखाली लपलेली असते आणि रुग्ण संकोचाने ती दाखवत नाही. ती जरूर दाखवा.

लेप्टो आणि स्क्रब टायफस या दोन्हींवर साधी, स्वस्त औषधे आहेत, पण ती पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावी लागतात. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसांवर परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो. सुरुवातीला हे आजार साध्या तापासारखेच दिसतात. संशय यायला डॉक्टरांना एक धागा लागतो, आणि तो फक्त तुमच्याकडे असतो. म्हणून तपासणीच्या वेळी पहिलेच वाक्य असे असू द्या : “डॉक्टर, दहा दिवसांपूर्वी आम्ही जंगलात फिरायला गेलो होतो.”