खांड पडली की बेडकांचं काय होतं?

उधाणाच्या भरतीला खारबंदिस्तीचा बांध फुटून खांड पडली की भाताचा पंचनामा होतो. व्हायलाच हवा. त्याच खाचरांत अंडी घालणाऱ्या बेडकांचं नुकसान मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाकडच्या पातळ कातडीतून शोषतो. गोड्या पाण्यापेक्षा त्याचं रक्त खारट, म्हणून पाणी आपोआप आत येतं. प्रयोगशाळेत बेडकाचे अवयव ताजे ठेवायच्या, त्याच्या रक्ताइतक्याच खारट द्रावणात लिटरला साधारण साडेसहा ग्रॅम मीठ असतं. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. डबक्यातलं पाणी रक्ताहून खारट झालं की उलटी गंगा वाहू लागते. मीठ चोळलेल्या कारल्याला पाणी सुटावं तसं बेडकाच्या अंगातलं पाणी बाहेर पडतं. शिवाय रक्ताहून खारट लघवी त्याच्या मूत्रपिंडांना करता येत नाही, म्हणजे आत शिरलेलं मीठ काढून टाकायची तीही वाट बंद.

मोठा बेडूक निदान उडी मारून बांधावर जाईल. अंडी कुठे जाणार? त्यांना कवच नसतं, नुसतं बुळबुळीत आवरण. उबलेच तर बेडूकमासे मीठ बाहेर टाकण्यातच शक्ती घालवतात. वाढ खुंटते, काहींची शेपटी वाकडी होते. त्यात वेळ नेमकी वाईट. मोठे सोनेरी बेडूक पहिल्या दणक्याच्या पावसातच अंडी घालतात, आणि खांड पडलेल्या शेतातल्या मातीचं मीठ तेव्हाच डबक्यांत उतरत असतं. पुढे पावसाने आठ दिवस दडी मारली की पाणी आटतं, मीठ तेवढंच उरतं.

याला अपवाद आहे. आग्नेय आशियातल्या खारफुटीत, आपल्याकडे अंदमान-निकोबारला, खेकडे खाणारा एक बेडूक राहतो. तो रक्तात युरिया साठवतो आणि पाणी अंगाबाहेर जाऊ देत नाही. मुशीचीही हीच युक्ती. शिळ्या मुशीला येणारा उग्र वास त्या युरियापासून सुटणाऱ्या अमोनियाचा. पण या बहाद्दराच्या पिल्लांनाही बेडूक व्हायला पावसाने पाण्याचा खारेपणा उतरावा लागतो.

आपल्या खाचरांतल्या बेडकांकडे तेवढीही सोय नाही. खांड बुजवायची ती मिरगाआधी, आणि पहिल्या पावसांचं खारं पाणी ओहोटीला बांधाच्या दारातून, म्हणजे उघाडीतून, बाहेर काढायचं. भातासाठी हे करावं लागतंच. बेडकांसाठी वेगळा खर्च नाही.