तीन कार्ब्युरेटर, एक इंजिन: ट्यूनिंगचे काही हट्टी गैरसमज

पॉन्टिअॅकने 1964 च्या मॉडेलसाठी टेम्पेस्टमध्ये 389 क्यूबिक इंचांचं, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचं व्ही-8 इंजिन बसवलं आणि जीटीओ जन्माला आली. चार बॅरलच्या एका कार्ब्युरेटरवर हे इंजिन 325 हॉर्सपॉवर देई. जादा पैसे मोजणाऱ्याला त्याच इंजिनावर दोन-दोन बॅरलचे तीन रोचेस्टर कार्ब्युरेटर मिळत आणि आकडा 348 वर जाई. ही ‘ट्राय-पॉवर’. पुढे 1969 मध्ये क्रायस्लरने 440 क्यूबिक इंचांच्या इंजिनावर तीन हॉली कार्ब्युरेटर चढवले. डॉजमध्ये त्याला ‘सिक्स पॅक’ म्हणत, प्लिमथमध्ये ‘सिक्स बॅरल’. अशा गाड्यांबद्दल एक वाक्य सर्रास ऐकू येतं: दिसायला देखण्या, पण ट्यूनिंग कधी टिकत नाही. मला हे इंजिनावर अन्याय करणारं वाटतं. कार्ब्युरेटर तीन असल्यामुळे नव्हे, तर मांडणी समजून न घेता तिन्हींना हात घातल्यामुळे ट्यूनिंग बिघडतं.

पहिला गैरसमज असा, की तिन्ही कार्ब्युरेटर सतत चालू असतात. तसं नाही. जीटीओ शहरात फिरताना फक्त मधल्या कार्ब्युरेटरवर चालते. चोक त्यालाच असतो आणि आयडलिंगही त्याच्यावरच. बाजूच्या दोघांचे बटरफ्लाय पूर्ण मिटलेले असतात. पेडल बरंच खाली गेल्यावर लिंकेज त्यांना उघडायला लागतं आणि पेडल तळाला टेकलं की सहाही बॅरल उघडे होतात. पेट्रोल फार पितात हा आरोपही इथेच ढिला पडतो. हलक्या पायाने चालवणाऱ्यासाठी ही गाडी एका छोट्या, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरची गाडी आहे.

यातूनच दुसरा गैरसमज येतो, आणि तो आपल्याकडच्या जाणकारांमध्येही भेटतो. राजदूत 350 ही मोटरसायकल ज्यांनी हाताळली, त्यांना दोन कार्ब्युरेटर एकसारखे जुळवणं म्हणजे काय हे पक्कं ठाऊक असतं. तिथे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्ब्युरेटर आहे, त्यामुळे एक जरा जास्त उघडला की एक सिलिंडर दुसऱ्याशी भांडतो. तोच नियम ट्राय-पॉवरला लावून लोक आयडलिंगला तिन्ही कार्ब्युरेटरांवर हवा मोजण्याचं यंत्र ठेवतात आणि बाजूच्या दोघांतूनही हवा जाईल अशी तजवीज करतात. पण इथे तिन्ही कार्ब्युरेटर एकाच मॅनिफोल्डमध्ये उतरतात आणि पॉन्टिअॅकच्या बाजूच्या कार्ब्युरेटरांना आयडलिंगची वाटच दिलेली नाही. त्यांचे बटरफ्लाय किंचित जरी उघडे राहिले तरी आत शिरते ती नुसती हवा. मिश्रण पातळ होतं, इंजिन धडधडत चालतं, आणि मग मधल्या कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवण्याचा न संपणारा खेळ सुरू होतो.

म्हणून ट्यूनिंगची सुरुवात लिंकेज सोडवण्यापासून करावी. बाजूचे कार्ब्युरेटर उतरवून, उजेडासमोर धरून बटरफ्लाय घट्ट मिटतात का ते बघावं. शाफ्ट झिजलेला असेल तर तिथूनही हवा ओढली जाते, आणि ती कुठल्याही स्क्रूने भरून निघत नाही. मग बाजूचे दोघे बंद ठेवून गाडी एकट्या मधल्या कार्ब्युरेटरवर नीट चालवावी. ती तशी चालली तरच लिंकेज परत जोडावं. जोडताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात: पेडल सोडल्यावर बाजूचे बटरफ्लाय पूर्ण मिटतात का, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर सगळे पूर्ण उघडतात का. दुसरी तपासणी इंजिन बंद ठेवून, कोणाला तरी पेडल दाबायला बसवून करावी. पेडलला पूर्ण वाव नसल्यामुळे सहा बॅरल कधीच पूर्ण न उघडलेल्या गाड्या कमी नाहीत.

अर्थात या सगळ्याच्या आधी इग्निशन. प्लग, पॉइंट, टायमिंग, व्हॉल्व्हचं अंतर आणि सिलिंडरचं कॉम्प्रेशन ठीक असल्याशिवाय कार्ब्युरेटरला हात लावू नये, हे माझं ठाम मत आहे. टायमिंग मागे असेल तर इंजिन सुस्त होतं आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी बसतो.

मिक्स्चर स्क्रूबद्दलची समजूत तर फारच पसरलेली आहे. हा स्क्रू इंजिनाचं सगळं मिश्रण ठरवतो असं मानून, वेगात गाडी ओढत नसली तरी लोक तो फिरवतात. तो फक्त आयडलिंग आणि त्याच्या जरा वरच्या भागापुरता असतो. व्हॅक्यूम गेज जोडून, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा फिरवत, काटा सर्वांत वर जाईल तिथे थांबायचं; एवढंच त्याचं काम. पुढे पेट्रोल मेन जेटमधून येतं आणि जोर लागला की जादा पेट्रोल देणारी वेगळी व्यवस्था उघडते. जेट मोठा घातला की ताकद वाढते हेही खरं नाही. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागामागे 14.7 भाग हवा लागते आणि पूर्ण ताकदीसाठी साधारण 12.5 ते 13. त्याहून घट्ट मिश्रण केलं तर प्लग काळे होतात आणि ताकद उतरते. मात्र अमेरिकेत आज बहुतेक पंपांवर 10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्याला हवा थोडी कमी लागते. म्हणून 1960 च्या दशकातले जेट आज जरा पातळ मिश्रण देतात. तिथे एखादा टप्पा मोठा जेट योग्य ठरू शकतो.

पेडल झटक्यात दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते, याचं निदान बहुतेक वेळा उलटं होतं. ‘पेट्रोल जास्त होतंय’ म्हणून जेट लहान केले जातात. खरं तर बटरफ्लाय उघडताच हलकी हवा लगेच धावते आणि जड पेट्रोल मागे राहतं. ती तूट भरायला अॅक्सिलरेटर पंप पिचकारी मारतो. पिचकारी उशिरा किंवा कमी आली तर मिश्रण पातळ होऊन गाडी अडखळते. काळा धूर निघत असेल तरच पेट्रोल जास्त असल्याचा संशय घ्यावा.

सिक्स पॅकमध्ये तर हा मुद्दा निर्णायक आहे. तिथे बाजूचे कार्ब्युरेटर पेडलने नव्हे, व्हॅक्यूमच्या डायफ्रॅमने उघडतात आणि त्यांना अॅक्सिलरेटर पंप दिलेलाच नाही. इंजिनाची हवेची भूक वाढते तसे ते सावकाश उघडतात, म्हणून पंपाची गरज पडत नाही. ‘व्हॅक्यूम म्हणजे मिळमिळीत’ असं समजून तिथे नुसतं यांत्रिक लिंकेज बसवलं, की पाय दाबताच दोन मोठे कार्ब्युरेटर पिचकारीविना उघडतात आणि गाडी जागीच गुदमरते. डायफ्रॅमची स्प्रिंग बदलून उघडण्याचा वेग जुळवणं हा खरा उपाय.

याच सिक्स पॅकचा मधला कार्ब्युरेटर मिनिटाला 350 घनफूट हवेचा आणि बाजूचे प्रत्येकी 500 चे, बेरीज 1350. आकडा ऐकून लोक दचकतात. पण दोन बॅरलचे कार्ब्युरेटर 3 इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजले जातात आणि चार बॅरलचे 1.5 इंचांवर. चार बॅरलच्या मापात तीच बेरीज सुमारे 955 भरते.

अनेक कार्ब्युरेटर म्हणजे हमखास जास्त ताकद, हे मात्र इतिहासानेच खोडलं. पॉन्टिअॅकची मूळ कंपनी जनरल मोटर्सने 1967 च्या मॉडेलांपासून कॉर्व्हेट आणि कॉर्व्हेअर सोडून सगळीकडे ते बंद केले. 1966 ची ट्राय-पॉवर जीटीओ 360 हॉर्सपॉवरची होती. 1967 मध्ये 400 क्यूबिक इंचांच्या जरा मोठ्या इंजिनाने एका क्वाड्राजेट कार्ब्युरेटरवर तेवढाच आकडा गाठला.

गाडी जपण्यासाठी ती कायम हळूच चालवावी, ही समजूतही ट्राय-पॉवरला मानवत नाही. बाजूचे कार्ब्युरेटर उघडलेच नाहीत तर त्यांच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल तसंच पडून राहतं, उडून जातं आणि मागे चिकट थर ठेवतं. जेट तुंबतात, फ्लोटची सुई अडकते आणि पुढच्या वेळी पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. इंजिन गरम झाल्यावर, मोकळ्या सुरक्षित रस्त्यावर, अधूनमधून पेडल तळापर्यंत न्यावं.