नावाचा पत्ता

सकाळी ८.१५
इंदिरानगरहून व्हाइटफील्डकडे जाणारी जांभळी मेट्रो. ऑक्टोबर २०२३मध्ये बैयप्पनहळ्ळी ते के. आर. पुरम हा राहिलेला तुकडा जोडला गेला, तेव्हापासून ऑफिसला जाता जाता वाचन होतं. आज वाचायला आहे रात्रीच्या बिलिंगचा लॉग. काम मध्येच थांबलंय. शेवटची ओळ: ‘टाइपएरर: इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’. म्हणजे कुणीतरी आकड्यालाच फंक्शन समजून हाक मारलीय.

सकाळी ९.१०
स्टेशनबाहेरच्या दर्शिनीत उभ्यानं इडली-वडा आणि फिल्टर कॉफी.

सकाळी ९.३०
पायथनचा ट्रेसबॅक खालून वर वाचायचा. एरर पडलेली ओळ अगदी साधी आहे. पार्सलचं प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त ते बिलाला धरायचं. त्यासाठी पायथनचं तयार फंक्शन ‘मॅक्स’ वापरलंय. माझ्या शेजारी बसणारी ज्युनिअर निपाणीची. ती म्हणते, “दादा, ह्या फाईलला कुणी हातच लावलेला नाही की! गिटमध्ये बघा, कित्येक महिने हीच ओळ आहे.”
तिचं खरं आहे, आणि तपास नेमका इथूनच सुरू होतो. एरर जिथं फुटते, तिथंच ती जन्मलेली असते असं नाही.

सकाळी १०.३०
स्टँडअप आटोपली. टाइपएरर दिसली की बहुतेक जण आधी टाइप दुरुस्त करायला धावतात. कुठं इंटचा फ्लोट कर, कुठं स्ट्रिंग कर. मी तिला त्याआधी एकच गोष्ट करायला सांगतो: एरर पडते त्या ओळीच्या वर ‘मॅक्स’चा टाइप छापून बघ. छापून येतं ‘इंट’. पायथनचं अंगचं फंक्शन गेलं कुठं?
ते कुठंच गेलेलं नाही, झाकलं गेलंय. घरात ‘बाळू’ अशी हाक मारली की आधी घरातला बाळू ओ देतो; तो नसेल तर वाड्यातला, मग गल्लीतला, आणि कुणीच नसेल तर गावातला. पायथनही नाव याच क्रमानं शोधतो: फंक्शनच्या आत, त्याला वेढणाऱ्या फंक्शनमध्ये, फाईलच्या ग्लोबल पातळीवर आणि शेवटी बिल्ट-इन नावांत. ‘मॅक्स’ बिल्ट-इन आहे, म्हणजे सगळ्यात शेवटी. मधल्या कुठल्याही पातळीवर त्याच नावाचं दुसरं कुणी उभं राहिलं, की शोध तिथंच थांबतो.
आमच्या बिलिंग फाईलच्या डोक्यावर हेल्पर फाईलमधून ‘इंपोर्ट स्टार’ केलेलं आहे, म्हणजे तिथली सगळी उघडी नावं इकडं ओतलेली. आणि हेल्परमध्ये काल संध्याकाळी एक ओळ वाढली: ‘मॅक्स’ बरोबर ५००, वजनाची कमाल मर्यादा. हेल्परला स्वतःला ‘मॅक्स’ फंक्शन कधी लागतच नाही, त्यामुळे तिच्या टेस्ट हिरव्या. फटका बसला तो न बदललेल्या फाईलला.

सकाळी ११.४५
नाव बदललं, ‘कमाल_वजन’ केलं. स्टार काढून लागतील तेवढीच नावं इंपोर्ट केली. पण तिला शंका आहे. “नाव फंक्शनच्या आतच ठेवलं तर बाहेरचं सुरक्षित राहील की?” करून बघ म्हटलं. तिनं फंक्शनमध्ये लिहिलं: ‘मॅक्स’ बरोबर ‘मॅक्स’ ऑफ दोन वजनं. या वेळी टाइपएरर नाही, ‘अनबाउंडलोकलएरर’.
फंक्शनमध्ये कुठंही एखाद्या नावाला किंमत दिली, की पायथन ते नाव त्या संपूर्ण फंक्शनपुरतं लोकल ठरवतो, आणि तेही ओळ चालण्याआधीच, कंपाइल करताना. म्हणून उजवीकडचा ‘मॅक्स’ही लोकलच ठरतो, आणि त्याच्यात अजून काहीच नाही. बाहेरचं नाव सुरक्षित राहिलं. आत मात्र ते मिळेनासं झालं.

दुपारी १.१५
जेवणाच्या टेबलावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी. २००९ साली पहिली पायकॉन इंडिया इथंच, भारतीय विज्ञान संस्थेत भरली, तिथं ते होते. ते सांगतात, पायथन २मध्ये लिस्ट काँप्रिहेन्शनमधलं नाव बाहेर सांडायचं आणि आधीची किंमत पुसून टाकायचं. २००८च्या पायथन ३.०नं ते बंद केलं आणि वेढणाऱ्या फंक्शनमधलं नाव बदलता यावं म्हणून ‘नॉनलोकल’ दिलं. साध्या ‘फॉर’ लूपचं नाव मात्र लूप संपल्यावरही आजतागायत मागं उरतं.

दुपारी २.३०
बिलिंग पुन्हा चालवलं. या वेळी पुढं गेलं आणि दरापाशी अडलं: ‘ननटाइप’ला फ्लोटनं गुणता येत नाही. कालच्याच बदलातला दुसरा धागा. हेल्परच्या डोक्यावर ‘रेट’ बरोबर ‘नन’. दरपत्रक वाचणारं फंक्शन आत ‘रेट’ला बरोबर किंमत देतं, पण तो त्याचा स्वतःचा, लोकल ‘रेट’. फंक्शन संपलं, तो ‘रेट’ही संपला; बाहेरचा ‘नन’ जसाच्या तसा. टेस्टमध्ये दर हातानं भरलेला असल्यामुळे हेही झाकून राहिलं.
“‘ग्लोबल रेट’ लिहिलं की झालं की!” ती म्हणते. चालेल, पण मग कुठलं फंक्शन कुठल्या फंक्शनच्या आधी चालायला हवं, हे प्रत्येकानं डोक्यात ठेवायचं. त्यापेक्षा वाचणाऱ्या फंक्शननं दर ‘रिटर्न’ करावा आणि हिशेब करणाऱ्यानं तो पॅरामीटर म्हणून घ्यावा. तिनं तसंच केलं. आता दर कुठून येतो ते फंक्शनची पहिली ओळ वाचूनच कळतं.

दुपारी ४.३०
आता पहारा बसवायचा. ‘रफ’ हा लिंटर स्टार इंपोर्टवर आपण होऊन ओरडतो, पण बिल्ट-इन नावं झाकण्याबद्दलचे नियम मुद्दाम चालू करावे लागतात. ते केले. लोकल ‘रेट’बद्दल ‘किंमत दिली, वापर नाही’ हा इशाराही तो देतो. आम्ही तो कधीतरी बंद करून ठेवलेला. २०१५च्या पायथन ३.५पासून टाइप हिंट्स आहेत. दरावर ‘फ्लोट किंवा नन’ असं लिहिलं असतं, तर ‘मायपाय’नं गुणाकाराची ओळ चालण्याआधीच अडवली असती.

संध्याकाळी ६.१५
टीमलीडचा कन्नडमधून प्रश्न: “आय्ता?” झालं. बिलं निघाली, बदल मर्ज झाला. घटनेच्या नोंदीत ‘कारण’ या रकान्यात मी ‘चुकीचा टाइप’ लिहीत नाही. ५०० हा आकडा हेल्परमध्ये योग्यच होता आणि दरपत्रकातून वाचलेला दरही अचूक होता. चुकला तो नावाचा पत्ता, म्हणून तेच लिहितो. स्टार इंपोर्ट असलेल्या आणखी फायली लिंटरनं शोधून दिल्यात. ते तिकीट ज्युनिअरनं मागून घेतलंय.