ताटातील कोलेस्टेरॉल रक्तात कसे जाते?

हिवाळ्यात मोहालीच्या एखाद्या घरी जेवावयास बसल्यास पानात मोहरीच्या पाल्याची भाजी, मक्याची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा आढळतो. महाराष्ट्रात ह्या लोण्याची जागा वरणभातावरील तुपाची धार घेते. लोणी, तूप, अंडी, मांस ह्या प्राणिज पदार्थांबरोबर कोलेस्टेरॉल नावाचे द्रव्य आपल्या पोटात जाते. एका अंड्यात ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते. वनस्पतींच्या तेलांत मात्र जवळजवळ नसतेच.

ह्या द्रव्यावाचून शरीराचे चालत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते. पित्ताम्ले व अनेक संप्रेरके त्यापासूनच बनतात. परंतु रक्तात ते प्रमाणाबाहेर वाढले, म्हणजे रोहिण्यांच्या भिंतींत साचून हृदयविकारास कारण होते. म्हणूनच ते आतड्यातून आत कसे शिरते, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. तेलकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. आतड्यात साबणाचे हे काम पित्ताम्ले करतात. ती कोलेस्टेरॉलचे कण आपल्या पोटात घेऊन ‘मायसेल’ नावाचे अतिसूक्ष्म गोळे बनवतात व आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचवतात. अन्नातून दिवसाकाठी साधारणतः ३०० ते ५०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल येते. यकृत मात्र पित्तावाटे सुमारे १ ग्रॅम आतड्यात सोडते. ह्या एकूण साठ्यापैकी सरासरी निम्मे शोषले जाते. एकाच पंक्तीत जेवणाऱ्या दोघांत हे प्रमाण फार भिन्न असू शकते.

अस्तराच्या पेशींना ह्यासाठी एक दार असते. एनपीसी१एल१ हे प्रथिन म्हणजेच ते दार, हे २००४ साली कळले. दारातून आत आलेले कोलेस्टेरॉल पेशीच्या अंतर्भागात नेण्याचे काम ‘ॲस्टर’ नावाची प्रथिने करतात, असे २०२३ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. तेथे त्याला स्निग्धाम्ल जोडले जाते, त्याची कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत बांधणी होते आणि लसीकावाहिन्यांच्या मार्गाने ते रक्तात उतरते.

दाराप्रमाणेच पहारेकरीही आहेत. वनस्पतींत कोलेस्टेरॉलसारखीच स्टेरॉले असतात. तीही आत शिरतात. परंतु एबीसीजी५ व एबीसीजी८ ही जोडप्रथिने त्यांना बहुतांशी पुन्हा आतड्यात लोटून देतात. १९७४ साली भट्टाचार्य व कॉनर ह्या संशोधकांनी दोन बहिणींचे वर्णन केले. त्यांच्या स्नायुबंधांवर गाठी आल्या होत्या आणि रक्तात वनस्पतिज स्टेरॉले साचली होती. अशा रुग्णांत हे पहारेकरीच निकामी असतात, हे २००० साली स्पष्ट झाले.

अन्न आणि औषध ह्या दोन्ही विषयांच्या राष्ट्रीय संशोधनसंस्था मोहालीत आहेत, आणि ह्या दोहोंची गाठ आतड्याच्या ह्याच दारापाशी पडते. एझेटिमाइब हे औषध दार अडविते. गंमत अशी, की अमेरिकेत त्यास २००२ साली, म्हणजे दार सापडण्यापूर्वीच, मान्यता मिळाली होती! ज्यांच्यात दाराची एक जनुकप्रत जन्मतःच निकामी असते, त्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे निम्माच असल्याचे २०१४ साली आढळले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, १८,००० हून अधिक हृदयरुग्णांच्या पाहणीत स्टॅटिनच्या जोडीला हे औषध दिले असता सात वर्षांत दर शंभरांमागे सुमारे दोघांवरील संकट टळले. संख्या लहान दिसते. पण त्या दोघांच्या घरी ती लहान नसते.

तेव्हा तुपाची धार रक्तात किती उतरणार, हे केवळ ताटावर ठरत नाही. आतड्यातील दार किती उघडे आणि पहारेकरी किती जागा, ह्यावरही ते अवलंबून असते.