समोरच्या घरातली माणसं

उपनगरातला रस्ता, दोन्हीकडे टुमदार घरं, चिटपाखरू नाही. मधोमध एक शाळकरी मुलगा झोकांड्या खात चाललाय. हात रक्तबंबाळ, थेंब बुटांवर पडताहेत. १९९९ सालचा मार्क पेलिंग्टन दिग्दर्शित 'अर्लिंग्टन रोड' असा सुरू होतो.

मुलाला रुग्णालयात नेणारा मायकेल फॅराडे (जेफ ब्रिजेस) वॉशिंग्टनमध्ये दहशतवाद हा विषय शिकवतो. त्याची बायको एफबीआयच्या एका फसलेल्या कारवाईत गेलेली. मुलगा समोरच्याच घरातला निघतो. शेजाऱ्याचं नावही ठाऊक नाही, याची शरम वाटते. त्या शरमेतून घरोबा होतो आणि घरोब्यातून संशय. शेजारी ऑलिव्हर लँग (टिम रॉबिन्स) सांगतो एक, त्याच्या टेबलावरचे नकाशे सांगतात दुसरंच.

भीती अंधारात नाही, लख्ख उजेडात आहे. फॅराडेची मैत्रीण लँगचा पाठलाग करते, सार्वजनिक फोनवरून घरी निरोप ठेवते, वळते, तर मागे लँगची बायको हसतमुख उभी. जोन क्युसॅकचं ते हसू! मला तरी चाकूसुऱ्यापेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटली.

आता कथेतली भोकं. शेवट सांगितल्यावाचून ती दिसणार नाहीत. फॅराडे एका गाडीचा पाठलाग करत एफबीआयच्या इमारतीत घुसतो. बॉम्ब असतो त्याच्याच गाडीत. हा कट तडीस जायला त्यानं प्रत्येक वळणावर नेमकं तेच करायला हवं. एक लाल सिग्नल लागला असता तरी डाव फसला असता. तर्क इथं साफ लंगडा पडतो.

तरी चित्रपट मनातून जात नाही. फॅराडे वर्गात एका स्फोटाची गोष्ट सांगतो. सारा दोष एका मृत माणसावर टाकला गेला, कारण एक नाव मिळालं की लोकांना झोप लागते. शेवटी ते नाव त्याचंच होतं. मागे सावली ओक्लाहोमाची आहे. १९ एप्रिल १९९५ रोजी तिथं १६८ जण मेले. सुरुवातीला अनेकांनी अरबांकडे बोट दाखवलं. निघाला टिमोथी मॅकव्हे, अमेरिकेचाच माजी सैनिक. चेहरा अगदी शेजाऱ्यासारखा.

लँग दांपत्य मग घर सोडायच्या तयारीला लागतं. फॅराडेच्या लहान मुलाला मात्र बापावरचा ठपका घेऊनच वाढायचं आहे.