पाळणाघर पाहायचं ते दुपारी

रजा वाढवून वाढवून संपली, तेव्हा लेक आठ महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, ‘‘अब्बा, पुढच्या महिन्यात कामावर हजर व्हायचंय. हिला ठेवू कुठं?’’

प्रश्न आमच्या घरात जुनाच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ह्याच लेकीसाठी आम्ही पाळणाघर शोधलं होतं. जवळ आहे आणि परवडतं, एवढंच पाहिलं. एके दिवशी काम लवकर आटोपलं म्हणून साडेतीनलाच तिला आणायला गेलो. दाराला बाहेरून कडी. आत अकरा मुलं. सांभाळणाऱ्या बाई नळावर पाणी भरायला गेलेल्या. आमची पोर रडून थकून ओल्या दुपट्यावर झोपली होती. बाईंवर मला रागावता आलं नाही. एकट्या जिवानं अकरा मुलं कशी सांभाळायची? चूक माझी होती. मी आधी एकदाच गेलो होतो, तोही सकाळी, त्यांना कळवून.

म्हणून सांगतो, पाळणाघर दोनदा पाहा. एकदा सांगून, एकदा न सांगता, शक्यतो दुपारी. त्या वेळी मुलं किरकिरी झालेली असतात आणि सांभाळणारेही थकलेले असतात. आधी मुलं किती, हात किती, हे मोजा. मग स्वयंपाकघराला फाटक आहे का, गॅलरीला जाळी आहे का, पाण्याची बादली उघडी आहे का, हे पाहा. वर्षाच्या आतलं बाळ उताणं झोपवतात का, ताप आला तर कोणाला कळवतात, मुलाला न्यायला अनोळखी माणूस आला तर काय करतात, हे विचारायला संकोच करू नका. विचारल्यावर कपाळाला आठ्या पडल्या, तर तेच उत्तर समजा.

नोकरीच्या ठिकाणीही चौकशी करा. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं, अशी दुरुस्ती मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली झाली. बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी तर मीरा महादेवन यांनी 1969 मध्येच दिल्लीत ‘मोबाईल क्रेशेस’ सुरू केलं होतं. म्हणजे ही काही साहेबलोकांची चैन नव्हे.

जागा ठरली तरी मूल एकदम दिवसभर सोडू नका. पहिले दोन-तीन दिवस तासभर, तेही आपण तिथंच बसून. मग हळूहळू वेळ वाढवा. निघताना डोळा चुकवून पळू नका, सांगून निघा. मूल रडेल. ह्या वयात ते रडणारच. पण थोड्या वेळानं रमतं का, ते विचारा. कित्येक दिवस उलटूनही रमलं नाही, खाणं-झोप तुटली, तर पुन्हा दुपारी जाऊन पाहा.

आम्ही चार ठिकाणं पाहिली. तीन ठिकाणी आधी फी सांगितली. चौथ्या ठिकाणच्या ताईंनी विचारलं, ‘‘बाळ झोपतं कशानं?’’ लेक म्हणाली, ‘‘तिची नानी ओव्या म्हणते.’’

‘‘मग नानींना एकदा पाठवा,’’ ताई म्हणाल्या, ‘‘मला शिकून घेता येतील.’’

तिथं फी थोडी जास्त आहे. आता नात तिथं जाते. मी मात्र अधूनमधून साडेतीनला, न सांगता, चक्कर टाकतोच.