वीजबिलात न दिसणारी राख

घरचं वीजबिल काढा. समजा महिन्याला ३०० युनिट लागतात. कोळशावरच्या एका युनिटसाठी साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते. म्हणजे युनिटमागे सुमारे पाव किलो राख. ही सगळी वीज कोळशाची धरली, तर महिन्याला ७५ किलो, सिमेंटची दीड पोती! आपण इंदूरकर तर खंडव्याच्या सिंगाजी आणि खरगोनच्या वीज केंद्रांचे शेजारीच.

बहुतेक राख पिठासारखी बारीक असते आणि धुराबरोबर उडते. चिमणीच्या आधी ईएसपी नावाचं यंत्र तिच्यावर विद्युतभार चढवून ती पत्र्यांवर ओढून घेतं. ९९ टक्क्यांहून जास्त राख तिथेच अडते. पुढे पाण्यात कालवून ती तलावात सोडण्याची जुनी पद्धत आहे. १० एप्रिल २०२० रोजी सिंगरौलीजवळच्या सासन प्रकल्पात अशा तलावाचा बांध फुटला आणि सहा जणांचा जीव गेला.

पाऱ्याचं दुखणं वेगळं. कोळशात तो टनामागे ग्रॅमच्या अंशाएवढाच असतो, पण भट्टीत त्याची वाफ होते आणि ती ईएसपीतून बरीचशी निसटते. पुढे पाण्यात उतरलेला पारा माशांमार्फत ताटात येतो. पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त.

क्लोरीनशी जोडला गेलेला पारा पाण्यात विरघळतो, म्हणून गंधक काढणाऱ्या एफजीडी यंत्रणेत तोही अडकतो. उरलेल्यासाठी सक्रिय कार्बनची भुकटी फवारतात. मात्र हा कार्बन राखेत मिसळला, की ती राख काँक्रीटसाठी बिघडते. त्यामुळे राख आधी काढून घ्यायची, कार्बन नंतर फवारायचा आणि वेगळ्या पिशव्यांच्या गाळणीत धरायचा, हा चांगला मार्ग.

डिसेंबर २०१५ मध्ये आपल्याकडे पाऱ्याची मर्यादा ठरली: घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. जुलै २०२५ मध्ये मात्र बहुतेक केंद्रांना एफजीडीतून सूट मिळाली. निर्णय गंधकाचा होता, पण त्याबरोबर पारा अडवण्याची आयती सोयही गेली.

राखेबाबत २०२१ च्या अधिसूचनेने १०० टक्के वापर बंधनकारक केला. न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई लागते. तेव्हा घर बांधताना पीपीसी सिमेंट आणि फ्लाय ॲशच्या विटांची चौकशी जरूर करा. शिवाय जवळच्या केंद्राच्या पाऱ्याच्या नोंदी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात. आपल्या तरुण मंडळींनी असा एक अर्ज करायला काय हरकत आहे?